नोंदणी सेवेची नवी आवृत्ती : डिप्लॉयमेंटच्या नोंदी

३ फेब्रुवारी, मंगळवार

नोंदणी सेवेची नवी आवृत्ती प्रॉडक्शनला, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर, न्यायचं काम (डिप्लॉयमेंट) आजपासून माझ्याकडे आलं. बारा ॲप सर्व्हर, पुढे विनंत्या त्यांच्यात वाटणारा लोड बॅलन्सर एचएप्रॉक्सी, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि बदल पोचवायला ॲन्सिबल या साधनाची प्लेबुकं, म्हणजे क्रमाने चालणाऱ्या टास्कच्या फाइली, असा पसारा आहे. बदल दोनच. अर्जदाराचा फोन नंबर आजवर देशाच्या कोडसकट एकाच कॉलममध्ये साठवला जायचा. आता कोड वेगळा, नंबर वेगळा. शिवाय एसएमएस पाठवणारा भाग मुख्य ॲपमधून काढून स्वतंत्र सर्व्हिस म्हणून चालवायचा आहे.

मागच्या वेळची कामांची यादी उघडून बघितली. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालवा, कोड टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, तपासा. यादीत खोटं काही नाही, पण रात्री दहा वाजता तिच्यावर विसंबून काम करता येणार नाही. काय तपासायचं, कुठून तपासायचं, काय दिसलं की पुढे जायचं? अशा यादीत कमांड संपली की टास्कवर बरोबरची खूण पडते. कमांड संपली एवढंच त्या खुणेवरून कळतं.

म्हणून ट्रॅकरमध्ये प्रत्येक टास्कला चार रकाने सक्तीचे केले: कोण करणार, त्याआधी काय झालेलं असलं पाहिजे, कशावरून झालं म्हणायचं, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. यातला तिसरा माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा. उदाहरणार्थ, ‘सर्व्हिस रीस्टार्ट’ हे टास्क रीस्टार्ट केल्यावर बंद होणार नाही. त्या सर्व्हरला थेट विचारल्यावर त्याने नव्या कमिटचा हॅश (कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीची ओळखखूण) सांगितला, की मग बंद. लोड बॅलन्सरमार्फत विचारायचं नाही. तिथून बारांपैकी कुणीतरी एक उत्तर देतो आणि बाकीच्या अकरांबद्दल काहीच कळत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर कामांचा क्रम लावला. डेटाबेस बघणारी सहकारी आणि मी फळ्यासमोर उभे राहून बाण काढत होतो आणि पुसत होतो.

सर्व्हर टप्प्याटप्प्याने बदलणार, म्हणजे काही काळ जुना आणि नवा कोड एकाच टेबलवर शेजारीशेजारी चालणार. त्या काळात दोघांनाही टेबल समजलं पाहिजे. त्यामुळे क्रम असा ठरला: आधी नवे कॉलम रिकामे जोडायचे, जुन्या कोडला त्यांचा पत्ताही लागणार नाही. मग नवा कोड, जो जुन्या आणि नव्या दोन्ही कॉलममध्ये लिहील पण वाचेल जुनाच. मग आधीच्या ओळी भरून घ्यायच्या. मग वाचन नव्या कॉलमवर वळवायचं. शेवटी जुना कॉलम काढायचा. बाहेरून एक दिसणारी डिप्लॉयमेंट आतून चार-पाच निघते.

फळ्यावर एक बाण सहकारीने नंतर आग्रहाने काढायला लावला, आणि तो फार मोलाचा आहे. जुन्या ओळी भरायचं काम शेवटचा जुना सर्व्हर गेल्याशिवाय सुरू करायचं नाही. नाहीतर आपण पुढून भरत जातो आणि मागून जुना कोड नवे कॉलम रिकामे ठेवून ओळी घालत राहतो. ‘मायग्रेशन झालं की भरणी’ असंच कुणीही लिहिलं असतं.

‘शेवटचा जुना सर्व्हर’ या शब्दांवर मी थोडा जास्त वेळ घेतला. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीत नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर राहिला. नव्या कोडने एक जुना, वापरातून गेलेला फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरात घेतला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला आणि सुमारे ४५ मिनिटांत लाखो शेअर-व्यवहार होऊन कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे. त्यातला एक भाग मी टीमला मुद्दाम वाचून दाखवला: गोंधळात त्यांनी बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला, आणि त्याने प्रकार आणखी बिघडला. कारण फ्लॅग चालूच होता, आणि आता आठही सर्व्हर जुना कोड चालवू लागले.

यातून आमच्या यादीत दोन टास्क वाढले. एक, बारा सर्व्हरचे हॅश एका ओळीत मांडणारी तपासणी. बाराच्या बारा जुळल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. दुसरं, रोलबॅकचीही रंगीत तालीम. मागे कसं यायचं हे नुसतं लिहिलेलं चालणार नाही, स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, मागे येऊन दाखवायचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्टेजिंगवर पहिली तालीम. इथे सर्व्हर चारच आहेत, तेव्हा एकेक करून गेलो.

मायग्रेशनचं टास्क प्लेबुकमध्ये ‘रन वन्स’ (एकदाच चालव) लावून ठेवलेलं होतं. ते चार वेळा चाललं. यात ॲन्सिबलचा काही दोष नाही. ‘सीरियल’ लावून सर्व्हर तुकड्यांत घेतले, की ‘रन वन्स’चं टास्क प्रत्येक तुकडीत एकदा चालतं, हे त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट दिलेलं आहे. मायग्रेशनला स्वतःला त्रास झाला नाही, कारण कुठली पायरी लागून गेली हे त्याच्या नोंदींच्या टेबलात असतं आणि दुसऱ्यांदा ते गुपचूप परत येतं. पण त्याला जोडून देशांच्या कोडचं संदर्भ-टेबल रिकामं करून पुन्हा भरणारी एक स्क्रिप्ट होती. तीही चार वेळा चालली, आणि त्यातल्या तीन वेळा पहिला सर्व्हर नव्या कोडसह लाइव्ह होता. प्रॉडक्शनवर त्या काही क्षणांत आलेल्या अर्जांना देशाचा कोडच सापडला नसता.

दुरुस्ती दोन्ही अंगांनी केली. मायग्रेशन वेगळ्या प्लेमध्ये, म्हणजे प्लेबुकच्या वेगळ्या भागात, नेलं, तिथे सीरियल नाही. आणि स्क्रिप्ट बदलली: रिकामं करणं बंद, नसलेली ओळ घाल, असलेली जुळव. कितीही वेळा चालवली तरी शेवट तोच यायला हवा. डिप्लॉयमेंटमधल्या प्रत्येक टास्ककडून माझी ही अपेक्षा असते, कारण मध्येच थांबून पुन्हा सुरू करण्याची वेळ आज ना उद्या येतेच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचं निरीक्षण तपशिलात लिहून ठेवतो. पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

दुसऱ्या तालमीत तिसऱ्या सर्व्हरवर पॅकेज उतरवताना नेटवर्क तुटलं आणि रन लाल झाला. त्याच्या आधीच्या टास्कने तिथली कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बदलली होती आणि सर्व्हिस रीस्टार्टसाठी हँडलरला, म्हणजे बदल झाल्याचं कळवलं तरच चालणाऱ्या टास्कला, वर्दीही गेली होती. पण ॲन्सिबलमध्ये हँडलर लगेच चालत नाहीत. टास्क संपल्यावर शेवटी चालतात. आणि मध्ये त्या सर्व्हरवर एखादं टास्क फेल गेलं, तर वर्दी मिळालेला हँडलर तिथे चालतच नाही.

नेटवर्क आलं, प्लेबुक पुन्हा चालवलं. आता कॉन्फिगच्या टास्कला फाइल आधीच बरोबर दिसली. बदल नाही, म्हणून वर्दी नाही, म्हणून रीस्टार्ट नाही. सगळ्या ओळी हिरव्या. डिस्कवर नवी कॉन्फिग, आणि मेमरीत बसलेली प्रक्रिया अजून जुन्याच कॉन्फिगवर. पडद्यावर बघून हे कळायला कुठलाही मार्ग नव्हता.

पकडलं ते ‘कशावरून’च्या रकान्याने. तिथे हॅशसोबत लोड झालेल्या कॉन्फिगचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, हाही मागितला होता. बाकीच्या तिन्ही सर्व्हरचा एकच आला, तिसऱ्या सर्व्हरचा वेगळा. टेस्टिंग बघणाऱ्या सहकाऱ्याने हा चेकसम आरोग्य-तपासणीच्या पानावर आणायचा आग्रह गेल्या आठवड्यात धरला होता. तेव्हा काहींना ते जादाचं काम वाटलं होतं.

उपाय: ‘फोर्स हँडलर्स’ (टास्क फेल गेलं तरी वर्दी मिळालेले हँडलर चालवणारी सेटिंग) चालू केलं, आणि कॉन्फिगच्या टास्कनंतर लगेच वर्दी मिळालेले हँडलर चालवून घ्यायची पायरी घातली. चेकसमची तपासणी अर्थातच तशीच राहणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या एसएमएस सर्व्हिसची सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) फाइल ‘सिंपल’ प्रकारची होती. या प्रकारात प्रक्रिया जन्माला आली की सिस्टमडी सर्व्हिस सुरू झाली असं धरतं. दोन सेकंदांनी डेटाबेसचा पासवर्ड चुकला म्हणून ती मेली तरी रीस्टार्टची कमांड यशस्वीच ठरते. ‘नोटिफाय’ प्रकार केला, आता ॲप स्वतः तयार असल्याचं कळवतं. थांबण्याची मुदतही बघितली. डीफॉल्ट ९० सेकंद, त्यानंतर प्रक्रिया सक्तीने मारली जाते. रांगेतले एसएमएस त्याच्या कितीतरी आधी संपतात, त्यामुळे बदल केला नाही.

एसएमएसच्या मजकुराचे साचे एका वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल वेगळ्या वाटेने, एकदम सगळ्या सर्व्हरवर जाते. ‘तो कोड नाही, नुसता मजकूर आहे’ असं म्हणणं पडलं. मी ते मानलं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीने जे पाठवलं तीही नवी आवृत्ती नव्हती, आधीच बसलेल्या प्रोग्रॅमने वाचायची फाइलच होती. युटीसी (जागतिक प्रमाण) वेळेने ४:०९ ला गेली, ५:२७ ला मागे घेतली, आणि तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. कित्येक तर एकेक करून हाताने उठवावी लागली. सर्व्हरचं वागणं बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट तुकड्यांनीच जाईल. साच्यांची फाइल प्लेबुकमध्ये घेतली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रॉडक्शन. आज फक्त मायग्रेशन.

कॉलम जोडणं हे तसं क्षणाचं काम. तरी त्यासाठी टेबलवर सगळ्यांत कडक लॉक (तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला टेबल वाचता-लिहिता येत नाही) लागतं, आणि भीती लॉक धरण्याची नसते, लॉकची वाट बघण्याची असते. कुणाची एखादी लांबलचक रिपोर्टची क्वेरी टेबल वाचत असेल तर आपली कमांड तिच्यामागे उभी राहते, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक साधी क्वेरी आपल्यामागे. बाहेरून बघणाऱ्याला सेवा बंद पडल्यासारखी दिसते, आणि डेटाबेसवर भार मात्र काहीच नसतो. पोस्टग्रेसमध्ये लॉकची वाट बघायला आपणहून मर्यादा नसते. आम्ही तीन सेकंदांची लावली.

रात्री १०:०५ ला पहिला प्रयत्न. तीन सेकंदांत परत आला. चालू क्वेऱ्यांच्या यादीत बघितलं तर महिन्याचा अहवाल काढणारी एक क्वेरी बराच वेळ चालू होती. ती मारायचा अधिकार आमच्याकडे होता, पण अहवाल कुणीतरी सकाळसाठी मागितलेला असणार. थांबलो. १०:४० च्या सुमारास ती संपली, कमांड पुन्हा दिली, लागलीच झाली. टास्क बंद करताना ‘कशावरून’मध्ये दोन्ही कॉलमची व्याख्या आणि लॉकची रांग रिकामी असल्याची नोंद जोडली.

नव्या कॉलमवरचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) ‘कंकरंटली’, म्हणजे टेबलमधलं लेखन न अडवता, केला. तो ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गठ्ठ्यात) चालत नाही, म्हणून मायग्रेशनपासून वेगळं टास्क. मध्ये तुटला तर अवैध इंडेक्स मागे ठेवून जातो, तेव्हा इथे ‘इंडेक्स आहे’ एवढं बघून भागत नाही, तो वैध आहे का ते बघायचं. वैध आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तुकड्या: आधी एक, मग तीन, मग चार-चार. प्रत्येक सर्व्हरसाठी तोच फेरा. एचएप्रॉक्सीत ड्रेन (त्याच्याकडे नव्या विनंत्या पाठवणं बंद), चालू विनंत्या शून्यावर आल्या की कोड, रीस्टार्ट, थेट तपासणी, परत रांगेत.

पहिला सर्व्हर १०:१० ला रांगेत परतला आणि त्याला तासभर तसाच ठेवला. चुकांचं प्रमाण, प्रतिसादाचा वेळ आणि दोन्ही कॉलममध्ये सारखंच लिहिलं जातंय का, या तीनच गोष्टी बघत होतो. त्या तासात हातात काही काम नसतं आणि ‘चला, पुढे जाऊया’ असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. तास पूर्ण केला.

तिघांची तुकडी ठीक गेली. नंतरच्या चारांपैकी एक तपासणीत अडकला आणि रन तिथेच थांबला. थांबला, कारण किती सर्व्हर फेल गेले तरी चालेल, ते प्रमाण आम्ही शून्य टक्के ठेवलं होतं. काहीच लावलं नसतं तर ॲन्सिबलने अडकलेल्याला वगळून उरलेल्यांसह पुढची तुकडी घेतली असती. तुकडीतले सगळेच पडले तर मात्र ते आपणहून थांबतं. या आकड्यात आणखी एक बारकावा आहे: ठरवलेलं प्रमाण ओलांडावं लागतं, गाठून भागत नाही. चारांतले दोन पडल्यावर थांबायचं असेल तर ५० लिहून उपयोग नाही, ४९ लिहावं लागतं.

अडकलेल्याची डिस्क लॉगने (प्रोग्रॅम लिहीत जातो त्या नोंदींनी) भरली होती. आधीपासूनच. डिप्लॉयमेंटशी संबंध नाही. जागा करून पुढे जाणं शक्य होतं, पण लॉग का भरले हे समजलं नव्हतं आणि घड्याळात साडेबारा वाजले होते. सात नवे, चार जुने, एक रांगेबाहेर, अशा स्थितीत रात्र काढायचं ठरवलं. ५ तारखेला फळ्यावर घालवलेला दिवस याच क्षणासाठी होता: अर्धवट अवस्था ही आमच्यासाठी सुरक्षित अवस्था आहे. ट्रॅकरमध्ये टास्क ‘फेल’ न करता ‘थांबवलं’ अशी स्थिती दिली, कारण आणि उद्या कोण उचलणार ते लिहिलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लॉग फिरवण्याची (जुने लॉग आपोआप काढण्याची) सेटिंग त्या एका सर्व्हरवर नव्हती. तो नंतर जोडलेला सर्व्हर, तेव्हा हाताने उभा केला होता. सेटिंग प्लेबुकमध्ये घेतली. उरलेले रात्री झाले. बारा हॅश, बारा चेकसम, सगळे जुळले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भरणी शुक्रवारपासून चालू होती, आज संपली. पाच-पाच हजार ओळींचे घास, प्रत्येक घासानंतर कमिट (डेटाबेसमधला बदल पक्का), रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) मागे पडली की थांबा. फक्त रिकामी ओळच उचलायची अट असल्याने कधीही बंद करून पुन्हा सुरू करता येत होती.

नंबर फोडणं मात्र दिसतं तितकं सरळ नाही. देशाचा कोड एक ते तीन अंकांचा असतो आणि सगळं मिळून जास्तीत जास्त पंधरा अंक. सुरुवातीला अधिकचं चिन्ह असेल तर निवाडा होतो. नसेल तर सुरुवातीचे ९१ हे भारताचा कोड आहेत की नंबरचाच भाग, हे नुसतं बघून सांगता येत नाही. अशा ओळींसाठी अंदाज करायचा नाही असं ठरलं. अख्खा आकडा नंबरच्या कॉलममध्ये, कोड रिकामा आणि ‘पडताळायचं’ अशी खूण. चुकीचा कोड भरला तर एसएमएस कुणा परक्या माणसाला जाईल, आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही.

संध्याकाळी वाचन नव्या कॉलमवर वळवलं, फ्लॅगने. एसएमएस सर्व्हिस खूण असलेल्या ओळी बाजूला ठेवते आहे, हे तिच्या रांगेत बघून घेतलं.

३ मार्च, मंगळवार

आठवडाभर नव्या कॉलमवरून वाचन चाललं, तक्रार नाही. आज परतीची वाट बंद करणारं टास्क होतं. नंबरचा कॉलम रिकामा राहू नये, अशी अट घालायची. आतापर्यंत कधीही जुना कोड परत लावता आला असता. ही अट बसली की जुना कोड एक ओळही लिहू शकणार नाही. म्हणून या टास्कला दोघांची नावं आणि दोघांचा होकार ठेवला होता, तेही चॅटवर नाही, टास्कमध्येच. अट आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे आधीच्या ओळी न तपासता, घातली, मग वेगळ्या कमांडने तपासून घेतली. तपासणी चालू असताना वाचन-लेखन चालू राहतं.

१० मार्च, मंगळवार

व्यवस्थापनाच्या लेखी हा प्रकल्प १९ फेब्रुवारीलाच संपला, आणि त्यांच्या बाजूने ते खरं आहे. वापरणाऱ्यांना नवी सेवा त्याच दिवशी मिळाली. ट्रॅकरवर मात्र आज सकाळी अजून सहा टास्क उघडे होते. दोन्हीकडे लिहिणारा कोड काढणं, वाचनाचा फ्लॅग काढणं, जुना कॉलम काढणं, एसएमएसची मुख्य ॲपमधली जुनी रोजची जॉब बंद करणं, जुन्या रिलीजच्या फोल्डरांपैकी शेवटचे पाच ठेवून बाकीचे उडवणं, आणि खुणेच्या ओळी. या कामांना कधीच घाई नसते, म्हणूनच ती राहून जातात. पुन्हा वापरलेल्या फ्लॅगखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोडही असाच कधीतरी काढायचा राहिलेला असतो.

जॉब आज बंद केली. रात्री ती चालली नाही हे बघून उद्या टास्क बंद होईल. फ्लॅग आणि दुहेरी लेखनाचा कोड एकाच छोट्या रिलीजमध्ये, त्याच तुकड्यांनी, १२ तारखेला. बारा हॅश जुळले की मग १७ ला कॉलम, तीन सेकंदांच्या त्याच मर्यादेत, आणि त्याआधी त्या कॉलमची वेगळी प्रत काढून ठेवायची. फोल्डरांचं काम झालं.

खुणेच्या ओळी अर्जदारांनी पुढच्या लॉगिनला स्वतः पडताळायच्या आहेत, तो पडदा दुसरी टीम करते आहे. टास्क त्यांच्या नावावर हलवलं, त्यांच्याशी बोलून. ‘कशावरून’चा रकाना त्यांनी स्वतः भरला: खूण असलेल्या ओळी शून्य.